१२८ पानं आणि एकही शब्द नाही

पहिलीचं पुस्तक उघडलं की पानभर चित्र असतं आणि खाली दोन ओळी. चौथीत ते चित्र अर्ध्या पानावर येतं, आठवीत कोपऱ्यात सरकतं, आणि कॉलेजात जाईपर्यंत पुस्तकातून बहुतेक नाहीसंच होतं. असा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, तरी आपण सगळे तो पाळतो. सातवीतल्या मुलाच्या हातात चित्रांचं पुस्तक दिसलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "अरे, एवढा मोठा झालास, आता जरा जाड पुस्तकं वाच की!" म्हणजे चित्र ही ज्याला अजून वाचता येत नाही त्याची सोय आहे, आणि अक्षरओळख पक्की झाली की सोय संपली, असं आपण धरून चाललेलो असतो.

ऑस्ट्रेलियातला शॉन टॅन हा लेखक-चित्रकार गेली पंचवीसेक वर्षं याच्या बरोबर उलट वागतो आहे. त्याची पुस्तकं दिसतात चित्रांची, पण ती वाचतात मुख्यतः बारा-तेरा वर्षांच्या पुढची मुलं आणि त्यांचे आईबाप. त्याचं सर्वांत गाजलेलं पुस्तक म्हणजे 2006 सालचं 'द अरायव्हल'. पानं 128, शब्द शून्य. तरीही त्यात एक कुटुंब आहे, ताटातूट आहे, नोकरीचा शोध आहे, तिघाचौघांच्या आयुष्यांच्या उपकथा आहेत आणि वेळ कसा गेला याचा नेमका हिशेबही आहे. शब्द नसताना हे सगळं वाचणाऱ्यापर्यंत पोचतं कसं, हे समजायचं तर टॅन तिथवर कसा आला हे आधी पाहायला हवं.

पेनांच्या दुकानामुळे

शॉनचे वडील चिनी वंशाचे, मलेशियातले. 1960 मध्ये ते वास्तुशास्त्र शिकायला पश्चिम ऑस्ट्रेलियात आले. आई तिथलीच, इंग्रज-आयरिश मुळांची. ती ज्या दुकानात काम करायची तिथे आरेखनाची पेनं मिळत. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याला अशा दुकानात वारंवार जावं लागतंच. आपण जन्मलो ते त्या पेनांमुळे, असं शॉन गमतीनं सांगतो.

त्याचा जन्म 1974 चा, पर्थजवळच्या फ्रीमँटलमधला. तो वाढला पर्थच्या उत्तरेकडच्या एका नव्या वसाहतीत. एका बाजूला महामार्ग, दुसऱ्या बाजूला हिंदी महासागर, मध्ये वाळू आणि एकसारखी घरं. इतिहास असा कुठे दिसायचाच नाही. वर्गात तो सगळ्यांत बुटका होता, पण 'चांगली चित्रं काढणारा' म्हणून ओळखला जाई, आणि त्यानं उंचीची भरपाई व्हायची. विज्ञानही त्याला आवडत होतं. एका टप्प्यावर जनुकशास्त्राकडे जायचा विचार त्यानं केला होता. सोळाव्या वर्षी विज्ञानकथांच्या एका ऑस्ट्रेलियन मासिकात त्याचं चित्र छापून आलं. पुढे वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातून 1995 मध्ये तो पदवीधर झाला. ललितकला आणि इंग्रजी साहित्य असे दोन विषय त्यानं एकत्र घेतले होते. एका विषयाच्या लोकांना दुसरा विषय पाहुण्यासारखा वाटतो, आणि टॅनची पुढची सगळी कारकीर्द या दोन विषयांच्या मधल्या जागेतच घडली आहे.

शब्द एक सांगतात, चित्र दुसरंच

सुरुवातीला तो इतरांच्या मजकुराला चित्रं काढायचा. या कामात एक जुना सापळा असतो. लेखक लिहितो, राजा घोड्यावर बसला. चित्रकार घोड्यावर बसलेला राजा काढतो. तेच दोनदा सांगून होतं आणि वाचकाच्या वाट्याला काम काहीच उरत नाही. टॅननं अगदी आरंभीच ही पुनरुक्ती सोडून दिली.

याचं उत्तम उदाहरण 1998 चं 'द रॅबिट्स'. मजकूर जॉन मार्सडनचा, आणि तोही पानाला एखादं-दुसरं वाक्य. सशांनी एक देश कसा गिळला, ते तिथले मूळचे प्राणी सांगतात. ऑस्ट्रेलियात सशांचा इतिहास खराच भयंकर आहे. 1859 मध्ये टॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदारानं शिकारीच्या हौसेसाठी व्हिक्टोरियातल्या आपल्या जमिनीवर दोनेक डझन ससे सोडले, आणि काही दशकांत खंडाचा मोठा भाग त्यांनी व्यापला. पण पुस्तकातले ससे कोट चढवून जहाजातून उतरतात. जेम्स कुक 1770 मध्ये किनाऱ्यावर उतरला त्या प्रसंगाचं एक प्रसिद्ध तैलचित्र आहे. टॅननं त्याचीच मांडणी उचलून माणसांच्या जागी ससे उभे केले. वाक्यांमध्ये वसाहतवाद हा शब्द कुठेही नाही. तो आरोप चित्रं करतात. आदिवासी मुलांना घरांतून उचलून नेण्याच्या सरकारी धोरणावरचा चौकशी अहवाल जेमतेम एक वर्ष आधी, 1997 मध्ये आला होता, त्यामुळे हे पुस्तक लहान मुलांना द्यावं की नाही यावर वाद झाला. पुस्तकाला वर्षाच्या उत्कृष्ट चित्रपुस्तकाचा ऑस्ट्रेलियन सन्मानही मिळाला.

2000 सालच्या 'द लॉस्ट थिंग'मध्ये शब्दही त्याचेच. बाटल्यांची बुचं जमवणाऱ्या एका मुलाला समुद्रकिनाऱ्यावर एक अवाढव्य लाल वस्तू सापडते. अर्धी किटली, अर्धा खेकडा, आतून हलणारी. मुलगा हे सगळं सुट्टीतला निबंध लिहावा अशा सपाट सुरात सांगतो. सगळी गंमत याच विसंगतीत आहे, कारण मजकूर म्हणतो विशेष काही नाही आणि चित्रात ती अवाढव्य वस्तू समोर उभी असते. चित्रांच्या मागे पार्श्वभूमीला टॅननं वडिलांच्या जुन्या भौतिकशास्त्राच्या आणि गणिताच्या पुस्तकांची पानं कापून चिकटवली. प्रत्येक वस्तूला जागा आणि क्रमांक ठरवून देणाऱ्या शहराची ती हवा आहे.

आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगतात. तिथे चित्र आणि आवाज मिळून एकच गोष्ट पुढे नेतात. टॅन त्या दोघांना वेगळं काढतो आणि मधल्या अंतरात वाचकाला उभा करतो. 2001 च्या 'द रेड ट्री'मध्ये तर तो जवळजवळ कथाही टाकून देतो. एका उदास मुलीचा एक दिवस, मोजकी वाक्यं, आणि प्रत्येक दृश्यात कुठेतरी लपलेलं एक लहान लाल पान. पानाबद्दल मजकुरात अवाक्षर नाही. ज्याला दिसलं त्याला दिसलं.

शब्द गळाले कसे

'द अरायव्हल'ची कल्पना सुरुवातीला साध्या चित्रपुस्तकाचीच होती. चित्रपुस्तकं बहुतेक 32 पानांची असतात आणि याचं कारण छापखान्यात आहे. मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी पानं छापून तो कागद घड्या घालून कापतात. त्याचा एक फर्मा सहसा 8 किंवा 16 पानांचा होतो. 32 पानं म्हणजे सोळा-सोळाचे दोन फर्मे, खर्चाला सोपे. पण घर सोडून अनोळखी देशात जाणाऱ्या माणसाची गोष्ट दोन फर्म्यांत मावेना. रेमंड ब्रिग्ज या इंग्लिश चित्रकाराचं 1978 चं 'द स्नोमॅन' टॅनला या काळात मार्गदर्शक ठरलं. त्यात शब्द नाहीत, पानावर लहान-लहान चौकटी आहेत, आणि सबंध गोष्ट हालचालींतून उलगडते. टॅननं आपले शब्द काढून टाकले. पानं मात्र चौपट झाली आणि काम चार वर्षांहून अधिक चाललं.

शब्द काढल्यानं नेमकं काय घडलं? एक म्हणजे वाचनाचा वेग पडला. मजकूर असला की डोळा आधी त्याच्याकडे धावतो आणि चित्रावर ओझरती नजर टाकून पान उलटतो. मजकूर नसेल तर चित्रातच शोधावं लागतं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कथेचा नायक ज्या शहरात उतरतो तिथली भाषा त्याला येत नाही, पाट्या वाचता येत नाहीत, भाजीवाला काय विकतो तेही कळत नाही. शब्द नसल्यामुळे वाचकाचीही गत तीच होते. स्थलांतरिताचं वर्णन करणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. हे पुस्तक वाचकालाच स्थलांतरित करतं.

हे साधण्यासाठी टॅननं त्या शहराची लिपीही बनवली. रोमन अक्षरं आणि आकडे कात्रीनं कापले, तुकडे उलटसुलट जोडले, आणि ओळखीची वाटणारी पण वाचता न येणारी अक्षरं तयार झाली. नायकाला भिंतींवर पोस्टर चिकटवायचं काम मिळतं, तर तो सगळी पोस्टरं उलटी लावतो. आपण त्याला हसूही शकत नाही, कारण त्या अक्षरांत सरळ काय नि उलटं काय, हे आपल्यालाही सांगता येत नाही. राहायला जागा हवी असते तेव्हा तो वहीत पलंग काढून दाखवतो. चित्रांच्या पुस्तकातला माणूस अडला की चित्रच काढतो, हे मला फार आवडलं.

दोन चौकटींच्या मधलं

आता मूळ यंत्रणा. पानावर चौकटी असतात आणि दोन चौकटींच्या मध्ये कोरी पट्टी. पहिल्या चौकटीत हात पेटीच्या झाकणावर आहे, दुसरीत पेटी बंद आहे. झाकण मिटताना कुणी काढलेलं नाही, तरी ते मिटलं हे आपल्याला 'दिसलं'. स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकी चित्रकारानं 1993 मध्ये कॉमिक्सच्या व्याकरणावर कॉमिक्सच्याच रूपात एक पुस्तक लिहिलं, आणि या कोऱ्या पट्टीतच वाचकाचं मुख्य काम चालतं असं त्यात मांडलं. बसमध्ये शेजारचा माणूस फोनवर बोलत असतो. "हो... कधी?... मग डॉक्टर काय म्हणाले?... बरं, निघतो मी." पलीकडचं एक अक्षर आपण ऐकलेलं नसतं, पण दवाखान्याची अख्खी गोष्ट मनात तयार होते. चौकटींच्या मधली पट्टी म्हणजे फोनची ती पलीकडची बाजू.

लेखकाच्या हातात दोन गोष्टी राहतात: पट्टीत किती सोडायचं आणि चौकट केवढी ठेवायची. पेटी भरण्याचा प्रसंग टॅन बारीक-बारीक तुकड्यांत देतो, त्यामुळे प्रत्येक हालचाल जड होते आणि निघणं लांबत जातं. समुद्रावरचे दिवस दाखवायला तो माणूस काढतच नाही. दोन पानं भरून ढगांच्या लहान चौकटी, प्रत्येक ढग वेगळा. नजर त्यांच्यावरून जाताना आपोआप दिवस मोजले जातात. आणि मग पान उलटलं की एकच चित्र दोन्ही पानांवर पसरलेलं. डोळ्यानं इतका वेळ लहान घास घेतलेले असतात, म्हणून ते मोठं चित्र प्रत्यक्षापेक्षाही मोठं वाटतं.

पहिल्या पानावर नऊ वस्तू नऊ चौकटींत आहेत. कागदाचा पक्षी, घड्याळ, टोपी, पातेलं, मुलीनं काढलेलं चित्र, किटली, कप, पेटी आणि कुटुंबाचा फोटो. शेवटच्या प्रकरणात अशाच नऊ चौकटी पुन्हा येतात, तशाच मांडणीत, पण आता वस्तू नव्या देशातल्या आहेत. "हळूहळू ते तिथे रुळले" हे वाक्य लिहायला तीन सेकंद लागतात. या नऊ चौकटींनी त्या वाक्याला पुरावा दिला आहे.

विचित्र प्राणी, खरीखुरी कागदपत्रं

पुस्तकातलं शहर पूर्ण काल्पनिक आहे. आकाशात बोटी, घराघरांत विचित्र पाळीव प्राणी, भाज्या अशा की टोक कुठलं नि देठ कुठलं कळू नये. पण चित्रणाची पद्धत जुन्या फोटोंची आहे. न्यूयॉर्कच्या एलिस आयलंड बेटावर 1892 ते 1954 या काळात 1 कोटी 20 लाखांहून अधिक स्थलांतरितांची नोंद आणि तपासणी झाली. तिथले फोटो टॅननं बारकाईनं पाहिले. रांगा, डॉक्टरी तपासणी, कोटांवर टाचलेल्या चिठ्ठ्या हे सगळं तिथून आलं. जहाजाच्या डेकवरची गर्दी टॉम रॉबर्ट्सच्या 1886 च्या एका चित्रावरून घेतली आहे, तर पेपर विकणारा पोरगा 1912 मध्ये टायटॅनिक बुडाल्याची बातमी विकणाऱ्या मुलाच्या फोटोवरून. हालचाली अचूक याव्यात म्हणून त्यानं स्वतः नायक होऊन आणि मित्र-नातेवाइकांना पात्रं करून प्रसंगांचे व्हिडिओ घेतले आणि त्यांवरून पेन्सिलीनं चित्रं काढली. मग संगणकावर त्यांना जुन्या फोटोंसारखा तपकिरी रंग चढवला.

हे वाचून एखाद्याला वाटेल, काल्पनिक शहरासाठी एवढा खटाटोप कशाला? कारण अद्भुत गोष्ट सैल हातानं काढली तर वाचक तिला 'परीकथा' म्हणून मोकळा होतो. अजब प्राणी पोलीस-ठाण्यातल्या फोटोइतका काटेकोर काढला तर त्याचं काय करायचं, हे वाचकाला कळत नाही, आणि तो पाहत राहतो. परक्या शहरात पहिल्या दिवशी आपणही असेच पाहत राहतो.

> शॉन टॅन: टप्पे
> 1974 मध्ये जन्म. पहिलं चित्रपुस्तक 'द व्ह्यूअर' 1997 मध्ये, लेखक गॅरी क्रू. 'द लॉस्ट थिंग' 2000, 'द रेड ट्री' 2001, 'द अरायव्हल' 2006, 'टेल्स फ्रॉम आउटर सबर्बिया' 2008. 2007 पासून मेलबर्नमध्ये वास्तव्य. 'द लॉस्ट थिंग'वरच्या 15 मिनिटांच्या अॅनिमेशनपटाला 2011 चं ऑस्कर, सहदिग्दर्शक अँड्र्यू रूहेमन. पुढच्याच महिन्यात बालसाहित्यातला अॅस्ट्रिड लिंडग्रेन पुरस्कार, 50 लाख स्वीडिश क्रोनर. 2020 मध्ये ब्रिटनचं केट ग्रीनअवे पदक.

५० शब्दांची परीक्षा

टॅनच्या पुस्तकात भाषा ही भिंत आहे, आणि त्याच्या देशानं ही भिंत एके काळी कायद्यानंच बांधली होती. 1901 मध्ये ऑस्ट्रेलियाचं संघराज्य झालं आणि त्याच वर्षी गोऱ्यांखेरीज इतरांना बाहेर ठेवण्यासाठी कायदा आला. त्यात कातडीचा रंग लिहिलेला नव्हता, होती श्रुतलेखनाची परीक्षा. बंदरावर अधिकारी 50 शब्दांचा उतारा वाचून दाखवणार आणि उतरणाऱ्यानं तो लिहायचा. भाषा युरोपातली कोणतीही, आणि ती निवडणार अधिकारी. म्हणजे इंग्रजी येणारा भारतीय किंवा चिनी माणूस आला तर त्याला वेगळीच भाषा द्यायची. माणूस नापास व्हावा हाच परीक्षेचा हेतू होता. 1934 मध्ये फॅसिझमविरोधी प्रचारासाठी आलेल्या एगॉन किश या प्रागच्या पत्रकाराला अनेक युरोपीय भाषा येत असल्यामुळे स्कॉटलंडची गेलिक देण्यात आली. ते प्रकरण न्यायालयात गेलं आणि सरकार हरलं. परीक्षा मात्र 1958 पर्यंत टिकली.

टॅनचे वडील त्यानंतर दोनच वर्षांनी आले. या परीक्षेवर टॅननं पुस्तकात थेट काही काढलेलं नाही, आणि मी जोडलेला दुवा माझाच आहे. तरी न कळणाऱ्या लिपीसमोर टोपी हातात घेऊन उभा असलेला तो माणूस पाहताना हा इतिहास ठाऊक असला तर चित्र वेगळं दिसतं.

कपाट कोणतं आणि सुरुवात कुठून

इंग्रजी प्रकाशनव्यवहारात साधारण 12 ते 18 वर्षांच्या वाचकांसाठी 'यंग अडल्ट' असा वेगळा विभाग असतो. 'द अरायव्हल' तिथे ठेवलेलं सापडतं, आणि चित्रपुस्तकांतही. ऑस्ट्रेलियानं त्याला चित्रपुस्तक म्हणून पुरस्कार दिला, तर फ्रान्समधल्या अंगुलेमच्या कॉमिक्स महोत्सवानं 2008 मध्ये सर्वोत्तम अल्बमचा. टॅन स्वतः वय ठरवून लिहीत नाही. 2018 च्या 'सिकाडा'मधला नायक म्हणजे 17 वर्षं एकही रजा न घेता कचेरीत राबलेला, बढती न मिळालेला एक किडा. उत्तर अमेरिकेतल्या काही सिकाडांच्या जाती जमिनीखाली 17 वर्षं काढून मग वर येतात, त्यावर ही गोष्ट उभी आहे. शाळकरी मुलाला त्यात किडा भेटेल आणि चाळिशीतल्या कारकुनाला आरसा. त्याच वर्षीच्या 'टेल्स फ्रॉम द इनर सिटी'त मात्र शब्द पुष्कळ वाढले, आणि काही गोष्टींत ते चित्रानं आधीच सांगितलेलं पुन्हा सांगतात असं मला वाटलं. ग्रीनअवे पदक त्याच पुस्तकाला मिळालं, तेव्हा माझं मत अल्पमतात आहे.

'द अरायव्हल' विकत घ्यायला भाषांतराची वाट पाहावी लागत नाही. मात्र कोणतीच लिपी न येणाऱ्यालाही ते आपोआप वाचता येईल असं समजू नये. त्यातल्या चौकटी डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वाचायच्या आहेत. देवनागरी वाचणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, कारण ती सवय लिपीनंच लावलेली असते. केवळ उर्दू किंवा अरबी वाचत मोठं झालेल्या माणसानं मात्र उजवीकडून सुरुवात केली तर बंद पेटी उघडेल, निघालेला माणूस घरात शिरेल, आणि गोष्ट भलतीच होईल. साक्षर नसलेल्या आजीबरोबर हे पुस्तक पाहणार असाल, तर पहिली काही पानं बोट फिरवून दिशा दाखवा. पुढे आजी स्वतः सांगू लागते.